मदतनीस, मान आणि मानधन

आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. बारावी झालेली मुलगी, किंवा ऐन तारुण्यात वैधव्य आलेली सून, अंगणवाडीत अथवा पाळणाघरात मदतनीस म्हणून जाऊ म्हणते, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. “गावकीची कामे टाकून दिली ती काय पुन्हा दुसऱ्यांच्या पोरांचे हगणे-मुतणे काढण्यासाठी?” असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी मेलेली ढोरे ओढली, दवंडी पिटली, सरकारी टपाल डोक्यावर घेऊन पावसापाण्यात वणवण केली आणि मोबदल्यात शिळ्या भाकरीचा तुकडा पदरात घेतला, त्यांच्या तोंडून तो निघतो. त्यामागे अपमानाची स्मृती आहे आणि ती स्मृती खरी आहे. म्हणूनच त्याचे उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे.

प्रथम हे काम काय आहे ते नीट पाहू. सकाळी केंद्राचे कुलूप उघडावयाचे, केर काढावयाचा, पाणी भरावयाचे. घरोघर जाऊन मुलांना हाताला धरून आणावयाचे. जी चालत नाहीत त्यांना कडेवर घ्यावयाचे. त्यांची नाके पुसावयाची, लंगोट बदलावयाचे, हातपाय धुवावयाचे. खिचडी शिजवावयाची, गार करावयाची, ज्याला स्वतः खाता येत नाही त्याला घासाघासाने भरवावयाची. एक रडत असताना दुसऱ्याला थोपटावयाचे, तिसरा खडा तोंडात घालतो आहे इकडे लक्ष ठेवावयाचे. कोणते मूल आज निपचित आहे, कोणाचे अंग गरम लागते, कोणाला दोन दिवस संडास लागली आहे, हे सेविकेच्या नोंदवहीत चढण्याआधी मदतनिसाच्या तळहाताला कळलेले असते. केंद्र सरकारने २०२२ पासून चालविलेल्या ‘पालना’ योजनेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले पाळणाघरात ठेवली जातात. तेथे २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस अशी योजना आहे. दोन बायका आणि पंचवीस लेकरे! ज्या मातेने जुळी वाढविली असतील तिला या हिशेबाचा अर्थ सांगावयास नको.

आता मूळ प्रश्न. हे काम आणि गावकीची वेठ यांत फरक तो काय? फरक कामातील घाणीचा नाही. घाण दोहींकडे आहे. फरक तीन गोष्टींत आहे. वेठ जन्माने लादलेली होती. ती करावयाची की नाही हे ठरविण्याचा अधिकार करणाऱ्याला नव्हता. आणि तिचे मोल ठरलेले नव्हते, ते देणाऱ्याच्या मर्जीवर होते. ज्या कामात या तीनही गोष्टी आहेत ते काम सोन्याच्या ताटात वाढले तरी ती गुलामगिरीच होय. आणि ज्या कामासाठी स्त्री स्वतः अर्ज करते, निवड होऊन नेमणुकीचा आदेश घेते, नको झाल्यास सोडू शकते आणि महिन्याअखेर ठरलेली रक्कम मागू शकते, ते काम मलमूत्राशी संबंध येतो म्हणून हीन ठरत नाही. इस्पितळातील परिचारिका तेच करते. आई तेच करते. हीनता कामाला चिकटलेली नसते. ती समाज कामाला चिकटवितो, आणि कोणते काम कोणाच्या माथी मारावयाचे हे ठरवून झाल्यावर चिकटवितो.

बौद्ध कुटुंबांना या बाबतीत दूरचा दाखला शोधण्याचे कारण नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात लोळत पडला होता. त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून त्यांनी परस्परांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. जो दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याची घाण धुण्याने धुणाऱ्याचे हात विटाळतात, हा विचार ब्राह्मणी व्यवस्थेचा आहे. तो आपण चैत्यभूमीवर जाऊन आल्यानंतरही घरात बाळगत असू, तर आपले धर्मांतर उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आहे असे म्हणावे लागेल.

तथापि, एवढे बोलून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कामाला प्रतिष्ठा आहे असे उपदेशाने सांगावयाचे आणि करणाऱ्या बाईच्या हातावर चार नाणी टेकवावयाची, हा जुनाच डाव आहे. या कामात वेठीचा अंश उरलेला नाही काय? उरला आहे, आणि तो एका गोंडस शब्दात लपला आहे. तो शब्द म्हणजे ‘मानधन’.

अंगणवाडी ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या वस्तीतल्या अंगणात गेले पाहिजे, हा त्यांचा विचार. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. परंतु या योजनेत एक मेख पहिल्या दिवसापासून मारून ठेवलेली होती. सेविका आणि मदतनीस या स्वेच्छेने सेवा देणाऱ्या ‘मानसेवी’ स्त्रिया मानल्या गेल्या. म्हणून त्यांना पगार नाही, मानधन. केंद्राने मदतनिसाचे मानधन शेवटचे वाढविले ते ऑक्टोबर २०१८ पासून, आणि ती रक्कम होती महिना २,२५० रुपये. राज्ये त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मदतनिसाची एकूण रक्कम ४,४२५ वरून ५,५०० रुपये केली. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यातील अंगणवाड्यांच्या स्त्रिया बेमुदत संपावर गेल्या, आणि २०२४ मध्ये रकमेत पुन्हा भर पडली. म्हणजे जे मिळाले ते मर्जीने नव्हे, झगडून मिळाले, हेही ध्यानात ठेवावे.

या मानधनाचा अर्थ बाबासाहेबांच्या वाचकांना चटकन समजावा. १९२८ च्या मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे असे होते की, महार वतनदाराकडून काम घेते सरकार. परंतु त्याला मोबदला देण्याची जबाबदारी सरकार घेत नाही, ती रयतेच्या बलुत्यावर सोडून देते. वतनाला नाव ‘हक्का’चे होते, प्रत्यक्षात दिवसरात्रीचे भान न ठेवता राबविण्याचा तो परवाना होता. ती वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या कायद्याने गेली. आता ‘मानधन’ या शब्दाची जात तपासून पाहा. काम सरकारचे, केंद्र सरकारचे, वेळापत्रक सरकारचे, शिक्षेचा अधिकार सरकारचा. परंतु बाई मात्र सरकारची नोकर नव्हे! नावात मान, हातात अर्धपोट. गावाने बलुत्याला हक्क म्हटले आणि राज्याने अपुऱ्या वेतनाला मान म्हटले. दोन्ही ठिकाणी गोड शब्द एवढ्याचसाठी वापरला की, कष्टाची किंमत मोजावी लागू नये.

येथे कायद्याची स्थिती स्पष्टपणे मांडणे हे माझे कर्तव्य आहे. २००६ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीतील स्त्रिया सरकारी पद धारण करीत नाहीत असा निकाल दिला. त्या निकालाने अनेक वर्षे दार बंद ठेवले. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि सहा वर्षांखालील बालकाला, गर्भवतीला व स्तनदा मातेला अंगणवाडीमार्फत आहार मिळणे हा कायदेशीर अधिकार झाला. त्याच वर्षी भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने अशा योजनांत राबणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली; ती कागदावरच राहिली. मग २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधून आलेल्या मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने महत्त्वाचा निर्णय दिला. अंगणवाडी केंद्रे आता कायद्याने नेमून दिलेली कर्तव्ये पार पाडतात. सेविका व मदतनीस यांना १९७२ चा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू होतो. आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे न्यायालयाने म्हटले. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. मदतनीस सरकारी नोकर झाली असा या निकालाचा अर्थ नव्हे. परंतु ‘मानधन’ या शब्दाच्या भिंतीला त्याने पहिले खिंडार पाडले, हे निश्चित.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे, ती हाताची. मदतनीस शिजविते आणि भरविते. ज्या गावात अजून पाणवठ्याची आठवण ताजी आहे, तेथे बौद्ध बाईच्या हातची खिचडी आपल्या लेकराने खावी की नाही, हा विचार काही घरांत होतो. तो नेहमी उघडपणे बोलला जात नाही. मूल डबा घेऊन येते, मूल दुपारीच घरी नेले जाते, ‘आमच्या बाळाला तिखट चालत नाही’ असे सांगितले जाते. कधी तो उघड होतो. उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सूखीढांग येथील शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये दलित भोजनमातेने शिजविलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. त्यावर प्रशासनाने काय केले? नेमणुकीतील तांत्रिक उणीव दाखवून त्या बाईलाच कामावरून काढले. मग दलित मुलांनी नव्या सवर्ण बाईच्या हातचे अन्न नाकारले, देशभर बोभाटा झाला आणि तिला पुन्हा कामावर घेण्यात आले. या घटनेत आपल्यासाठी धडा आहे. बहिष्कार घालणाऱ्याला हात न लावता जिच्यावर बहिष्कार घातला तिची कागदपत्रे तपासणे, हा सर्वांत सोयीचा मार्ग असतो. म्हणून आपले कागद आपण आधीच चोख ठेवले पाहिजेत.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूला आहे. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनिसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी दिला. अस्पृश्यता पाळणे हा संविधानाच्या १७ व्या कलमाने निषिद्ध आणि १९५५ च्या कायद्याने शिक्षापात्र अपराध आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर वा कुटुंबावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे अथवा तशी धमकी देणे हा गुन्हा ठरविला. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आहे. आणि धर्म बदलल्यामुळे हे संरक्षण गेले अशी भीती जे घालतात, त्यांना स्पष्ट सांगावे की, १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. मात्र जातीचा दाखला वेळेवर आणि योग्य नमुन्यात काढलेला असावा. नुसत्या तोंडी सांगण्यावर न्यायालयात काही चालत नाही.

यास्तव मदतनीस म्हणून काम करणाऱ्या अथवा करू इच्छिणाऱ्या भगिनींनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा दिनांक आणि मानधन जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी जपून ठेवाव्यात. पुढे उपदान मागताना आणि बढती मागताना याच कागदांवर भिस्त असते. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकेची निम्मी पदे पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून बढतीने भरावयाची आहेत, म्हणून मदतनीस ही शेवटची पायरी नव्हे, पहिली आहे; पात्रता बारावी उत्तीर्ण ठेवलेली आहे, तेव्हा जिचे शिक्षण अर्धवट राहिले तिने ते पुरे करावे. मुलांना तुझ्या हातचे खाऊ देणार नाही असे कोणी म्हटले, तर रडत घरी येऊ नये आणि कोणी समजूत घालतो म्हणून राजीनाम्यावर सही करू नये. कोण, केव्हा, कोणासमोर काय बोलले, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे व पर्यवेक्षिकेकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. एखाद्या घराने मूल न पाठविणे सिद्ध करणे कठीण जाते. परंतु गावाने ठरवून मुले न पाठविणे हा बहिष्कार होय, आणि तेथे पोलीस ठाण्याचा उंबरा चढण्यास संकोच करू नये. ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही, पण सहा वर्षांखालील ४० मुले आहेत, तेथील लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. मागणी लेखी हवी आणि ती करणारे आपणच हवेत.

आता थोडे स्वतःच्या घराकडे. आपल्यातील जी कुटुंबे शिकून शहरात स्थिरावली, त्यांची मुलेही पाळणाघरात वाढतात. स्त्री-कामगाराच्या बाळंतपणाचा भार समाजाने उचलला पाहिजे, अशी बाजू बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मातृत्व लाभाच्या विधेयकाच्या निमित्ताने मुंबई कौन्सिलात मांडली होती. आज ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असे कायदाच सांगतो. २०१७ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. कचेरीत जाणारी आपली लेक ज्या बाईच्या भरवशावर आपले तान्हे सोडून जाते, त्या बाईला ती ‘ताई’ म्हणते की ‘ए बाई’? तिला सुट्टी मिळते काय, तिच्या आजारपणात तिचा रोज कापला जातो काय, याची चौकशी ती करते काय? सेविका झालेली आपलीच एखादी बहीण मदतनिसाला घरच्या धुण्याभांड्यांना जुंपत नाही ना? ज्यांनी वरच्या पायरीचा जाच सोसला, त्यांनी खालच्या पायरीवर पाय देऊन उभे राहणे यासारखी शरमेची गोष्ट नाही.

शेवटी मुलांचा विचार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नमूद आहे की, मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांपूर्वी होतो. मग या वयात मूल काय काय शिकते ते पाहावे. दीड वर्षाच्या मुलाला जात कळत नाही. त्याला मांडी कळते, आवाज कळतो, घास भरविणारा हात कळतो. त्या हाताकडून त्याला ओढून नेले की, का नेले हे न समजताही त्याच्या मनावर एक रेघ उमटते. आणि त्याच हाताने ते रोज निर्धास्त जेवले, तर पुढे कोणी त्याला विटाळाचे पाठ देऊ लागला असता त्याचे पोटच ते खोटे असल्याची साक्ष देईल. समतेचा पहिला धडा पाटीपुस्तकाच्या कितीतरी आधी, खिचडीच्या वाटीपाशी दिला जातो, आणि तो देणारी शिक्षिका मदतनीस असते.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. सुनेला, लेकीला या कामावर जावयाचे असेल तर अडवू नका. गावकी आपण टाकली ती घाणीला भिऊन नव्हे, तर गुलामी नाकारण्यासाठी. तेव्हा तिला जाऊ द्या. परंतु मान तेवढा घेऊन धन सोडून ये, असे सांगू नका. तिच्याबरोबर नेमणुकीचा आदेश वाचा, तिच्या संघटनेची वर्गणी भरा, ती मोर्चाला निघाली तर घरातील चूल एक दिवस आपण पेटवा. मोबदला मर्जीवर असलेले काम आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. हक्काचे मोल मागून घेण्याचे काम आता आपल्या लेकींना करावयाचे आहे, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम आपले आहे.